नागिणीचं शेपूट आणि दोन डोसांचा हिशेब

या महिन्याच्या टपालात नागिणीची, म्हणजे अंगाच्या एका बाजूला फोडांचा पट्टा उठतो त्या आजाराची, पत्रं सगळ्यांत जास्त आली. कुणाच्या घरात नुकतीच उठून गेलेली, कुणाला लशीचं नाव मुलानं पुण्याहून फोनवर सांगितलेलं, कुणाला किंमत ऐकूनच घाम फुटलेला. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

आईचं वय ७१. पाठीत उजव्या बाजूला चार दिवस दुखत होतं. उसण भरली असेल म्हणून शेकलं, बाम चोळला. पाचव्या दिवशी पुरळ उठलं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, नागीण आहे, गेरू लावून आणा; तोंड आणि शेपूट मिळालं तर माणूस हाती लागत नाही. तीन दिवस गेरू लावला, मग दवाखान्यात गेलो तर डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. आमचं नक्की काय चुकलं?
— गृहिणी, कसबा बावडा

उसण समजलात ही चूक नव्हे. पुरळ यायच्या आधी दोन-चार दिवस नुसतं दुखतं आणि त्या काळात भले भले फसतात. छातीत डावीकडे दुखलं तर ईसीजी निघतो, कमरेत दुखलं तर मूतखड्याची सोनोग्राफी होते. एक खूण मात्र लक्षात ठेवा. उसण हालचाल केली की दुखते. नागिणीचं दुखणं हलला नाहीत तरी असतं, त्यात आग आणि चटके असतात, आणि तेवढ्या पट्ट्यात पोलक्याचं कापडही टेकवून घेववत नाही. साठीनंतर एकाच बाजूला असं दुखू लागलं तर रोज उजेडात पाठ बघायची. लाल कातडीवर पाण्यानं भरलेले बारीक फोड झुपक्यानं दिसले की ती नागीण.

चुकले ते गेरूचे तीन दिवस. पहिला फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूवरचं औषध सुरू झालं तर त्याचा पुरेपूर उपयोग होतो. असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून तीन वेळा, दोन्ही सात दिवस, हा मोठ्या माणसाचा नेहमीचा डोस. मूत्रपिंड अधू असेल तर तो कमी करावा लागतो, म्हणून क्रिएटिनिनचा जुना रिपोर्ट सोबत न्या. इथे आणखी एक चूक नेहमी होते : मेडिकलमधून याच औषधाचं मलम आणून लावत बसायचं. विषाणू मज्जातंतूत बसलेला असतो, मलम कातडीवर राहतं. गोळ्यांना मलम हा पर्याय नाही. ७२ तास उलटले तरी नवे फोड येतच असतील, किंवा रोग्याची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर डॉक्टर गोळ्या देतातच. त्यामुळे उशीर झाला म्हणून घरी बसायचं नाही.

आता तोंड आणि शेपटाचं. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. तो मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत पन्नास-साठ वर्षं पडून राहतो. वय, आजार किंवा औषधांमुळे पहारा ढिला पडला की एखाद्या गाठीतला विषाणू जागा होतो आणि त्याच तंतूच्या वाटेनं कातडीकडे येतो. हा तंतू पाठीच्या कण्यापासून निघून बरगडीच्या कडेनं छातीच्या किंवा पोटाच्या मध्यरेषेपर्यंत पोचतो आणि तिथे संपतो. पलीकडची बाजू दुसऱ्या तंतूची. म्हणून पट्टा अर्ध्या अंगाचाच राहतो, तोंड-शेपूट मिळायचा प्रश्न सहसा येत नाही. पुरळ दोन्ही बाजूंना, किंवा अंगावर तीन-चार ठिकाणी विखुरलेलं दिसलं तर मात्र त्या माणसाची प्रतिकारशक्ती कशानं खचली आहे ते शोधायला हवं : साखर, रक्ताचा आजार, एचआयव्ही, चालू असलेली औषधं. जुन्या माणसांनी धोका ओळखला होता असं म्हणू या, फक्त त्याचं कारण चुकीचं सांगितलं.

गेरू लावणाऱ्याला यश का येतं, हेही सांगून टाकतो. सात ते दहा दिवसांत फोडांना खपली धरते आणि दोन ते चार आठवड्यांत कातडी भरून येते. काहीही लावलं नाही तरी येते. श्रेय शेवटच्या दिवशी हात लावणाऱ्याला मिळतं. वर त्या लेपाखाली फोड दिसत नाहीत, पू झाला तरी कळत नाही.

माझं वय ५८, पत्नीचं ५४. दोघांनाही लहानपणी कांजिण्या आल्याचं आठवत नाही. दंडावर देवीच्या लशीचा वण आहे. तरी नागिणीची लस घ्यावी का? तिनंच नागीण उठली तर?
— सेवानिवृत्त कर्मचारी, राजारामपुरी

देवी आणि कांजिण्या हे वेगळे विषाणू. देवीचा शेवटचा रोगी भारतात १९७५ साली सापडला, १९८० साली जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. दंडावरचा तो वण तुमचं वय सांगतो, नागिणीशी त्याचा संबंध नाही.

कांजिण्या आठवत नसल्या तरी पन्नाशीपुढच्या बहुतेकांच्या अंगात तो विषाणू असतोच. लहानपणी पाच-दहा फोड येऊन गेलेले असतात, आई घाम्या म्हणून सोडून देते. त्यामुळे लशीआधी रक्त तपासून बघायची गरज नाही. एखाद्याची तपासणी दुसऱ्या कारणानं झालेली असेल आणि कांजिण्यांचा विषाणू कधीच भेटला नाही असं पक्कं दिसलं, तर त्याला नागिणीची नव्हे, कांजिण्यांची लस लागते.

भारतात मिळणारी शिंग्रिक्स ही लस पन्नाशीपुढच्यांसाठी आहे. अमेरिकेत ती २०१७ साली आली, आपल्याकडे २०२३ साली. तिच्यात जिवंत विषाणू नाही, मेलेलाही नाही. विषाणूच्या आवरणावरचं एकच प्रथिन, ५० मायक्रोग्रॅम. त्यामुळे लशीनं नागीण उठू शकत नाही. प्रथिन एकटं दिलं तर म्हाताऱ्या शरीराला जाग येत नाही म्हणून सोबत उत्तेजक द्रव्य घातलेलं असतं. त्यातला एक घटक चिली देशातल्या एका झाडाच्या सालीतून काढतात. ती साल पाण्यात फेस करते, आपल्या रिठ्यासारखी, दोन्हींत सॅपोनिन. दंड दुखतो आणि ताप येतो तो बराचसा याच उत्तेजकामुळे, आणि लस म्हाताऱ्या माणसांत इतकी चालते तीही त्याच्यामुळेच.

चालते म्हणजे किती? मोठ्या चाचण्यांत पन्नाशीपुढच्यांत नागीण ९७ टक्क्यांनी कमी झाली, सत्तरीपुढच्यांत ९१ टक्क्यांनी. त्याच लोकांवर पुढे लक्ष ठेवलं गेलं तेव्हा अकराव्या वर्षीही संरक्षण ८० टक्क्यांच्या आसपास होतं. वयाच्या बाबतीत आमचं मत असं : ५४ आणि ५८ ला घेतलीत तर चांगलंच, पण घाई नाही, साठीनंतर किंवा मधुमेह, संधिवात यांसारखं काही असेल तर पुढे ढकलू नका.

आम्ही गडहिंग्लजला राहतो. इथल्या डॉक्टरांनी लस कोल्हापुरातून आणा, मी टोचतो असं सांगितलं. आणताना काय काळजी घ्यायची? टोचताना काय बघायचं?
— शेतकरी, गडहिंग्लज

या पत्राला सविस्तर उत्तर देतो, कारण पैसे वाया जातात ते इथेच.

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. सगळे उन्हाला भितात. गोठण्याला कुणी भीत नाही, आणि ही लस एकदा गोठली की फेकून द्यायची, वितळवून चालत नाही. कोल्हापुरातल्या मेडिकलमध्ये आधी फोन करून मागवून ठेवा. खोकं फ्रीजच्या मधल्या कप्प्यातून काढून द्यायला सांगा. दारातलं किंवा फ्रीजरलगतचं नको. थर्मोकोलचा किंवा लशीचा डबा न्या. फ्रीजरमधून काढलेला बर्फाचा पॅक लगेच डब्यात टाकू नका. तो बाहेर ठेवा, अंगावर घाम सुटून आत पाणी हलल्याचं कळलं की मग घाला, आणि लशीचं खोकं त्याला चिकटू नये म्हणून मध्ये जाड कापड किंवा पुठ्ठा ठेवा. लस मोटरसायकलच्या डिकीत ठेवायची नाही, एसटीच्या टपावर टाकायची नाही. वाटेत निपाणीला नातेवाइकांकडे चहाला थांबायचा बेत असेल तर तो परतीच्या वाटेवर ठेवा. सर्वांत उत्तम म्हणजे माणसानंच कोल्हापूरला जावं आणि जिथे लस ठेवलेली आहे तिथेच टोचून घ्यावी. कागल, मुरगूड, गारगोटीकडच्या मंडळींनाही हेच सांगणं.

खोक्यात दोन कुप्या असतात. एकीत पांढरी भुकटी, म्हणजे ते प्रथिन. दुसरीत उत्तेजकाचं द्रव. द्रव पूर्ण ओढून भुकटीच्या कुपीत सोडायचं, भुकटी विरघळेपर्यंत कुपी हलक्या हातानं फिरवायची, मग ०.५ मिलिलिटर भरायचं. तयार लस किंचित दुधी, रंगहीन किंवा फिकट तपकिरी दिसते. कण तरंगत असतील तर नको. तयार केल्यावर लगेच टोचावी. काही कारणानं थांबावं लागलं तर फ्रीजमध्ये जास्तीत जास्त सहा तास.

टोचणाऱ्याचा हात घाईत असेल तर नुसतं द्रवच भरून टोचलं जातं, भुकटीची कुपी टेबलावर तशीच राहते. ही चूक जगभर नोंदवली गेली आहे. तसं झालं तर दंड दुखतो, तापही येतो, पण लस मिळालेलीच नसते. डोस पुन्हा घ्यावा लागतो. म्हणून रोग्यासोबत आलेल्यानं दोन्ही कुप्या आपल्या डोळ्यांनी बघाव्यात. डॉक्टरांना राग येईल म्हणून गप्प बसू नका. मुदतीची तारीख बघा, बॅच नंबरचं स्टिकर फाइलवर चिकटवून घ्या, बिल जपून ठेवा.

सुई दंडाच्या वरच्या मांसल भागात जाते, खांद्याच्या हाडापासून साधारण दोन-तीन बोटं खाली. शर्टाची बाही वर सरकवून अर्धवट उघडलेल्या दंडावर टोचून घेऊ नका. खांदा पूर्ण मोकळा करा, नाहीतर सुई फार वर किंवा फार खाली जाते. कातडीखालच्या चरबीत गेली तर डोस वाया जात नाही, पण जागा जास्त सुजते. कुल्ल्यात टोचून घ्यायची नाही. नंतर पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसा. उपाशी पोटी आलेल्या म्हाताऱ्या माणसाला भोवळ येऊ शकते.

लस घेतल्यावर किती दिवस आराम करावा? पथ्य काय? आमच्या घरी दोन म्हशी आहेत, धार मीच काढतो.
— दूध उत्पादक, करवीर तालुका

पथ्य काहीच नाही. तांबडा-पांढरा रस्सा, दोन्ही चालेल.

चाचणीत दहांपैकी जवळपास आठ जणांचा दंड दुखला. निम्म्याहून थोड्या कमी लोकांचं अंग दुखलं आणि थकवा आला, दर पाचांपैकी एकाला ताप आला. सहा-सात जणांत एकाला इतका त्रास होतो की दिवसभराची कामं जमत नाहीत. हे सगळं दोन-तीन दिवसांत ओसरतं. ताप किंवा ठणका असेल तर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची गोळी, गरज लागली तर सहा तासांनी पुन्हा. ज्या हातानं धार जास्त काढता त्याच्या विरुद्ध दंडात लस घ्या आणि पुढच्या दोन दिवसांसाठी घरात कुणाला तरी सांगून ठेवा. दंड चोळायचा नाही. ओल्या फडक्याचा गार शेक चालतो.

टोचल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात ओठ-चेहरा सुजला, अंगभर पित्त उठलं, धाप लागली तर ताबडतोब डॉक्टर. आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत पायांपासून वर चढत जाणारी अशक्तता आली तर लगेच मोठ्या रुग्णालयात जावं. हा मज्जातंतूंचा विकार अतिशय विरळ आहे. अमेरिकेतल्या नोंदींत दहा लाख डोसांमागे सुमारे तीन जादा रुग्ण दिसले. विरळ म्हणून लपवायचं कारण नाही आणि भिऊन लस टाळायचंही नाही.

पहिल्या डोसानंतर दोन दिवस तापानं पडून होते. दुसरा टाळला तर चालेल का? आधीच आठ महिने झालेत. आता पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल का?
— निवृत्त शिक्षिका, शाहूपुरी

पहिल्यापासून नको. पहिला डोस मोजलेला राहतो. दुसरा आता मिळेल तेव्हा घेऊन टाका. नियम दोन ते सहा महिन्यांचा आहे. उशीर झाला तर मधल्या काळात संरक्षण अपुरं राहतं, एवढंच. उलट घाई महागात पडते : चार आठवड्यांच्या आत घेतलेला दुसरा डोस धरला जात नाही.

टाळू मात्र नका. अमेरिकेत पासष्टीपुढच्या लोकांच्या विम्याच्या नोंदी पाहिल्या तेव्हा प्रत्यक्ष वापरात दोन डोसांचं संरक्षण ७० टक्के आणि एकाच डोसाचं ५७ टक्के निघालं. (चाचणीतले आकडे प्रत्यक्षापेक्षा नेहमी थोडे देखणे असतात.) पहिल्यावेळी ताप आला म्हणून दुसऱ्यावेळी येईलच असं नाही, आणि ताप आला म्हणजे ॲलर्जी झाली असंही नाही.

तारीख ठरवताना कॅलेंडर डोळ्यांसमोर ठेवा. मार्चमध्ये पहिला घेतला तर दुसऱ्यासाठी मे ते सप्टेंबर मोकळा आहे. शिरोळ आणि हातकणंगलेच्या नदीकाठच्या गावांनी त्यातले जुलै-ऑगस्ट वगळावेत. २०१९ आणि २०२१ च्या पुरात रस्ते किती दिवस बंद होते ते त्यांना सांगायला नको. शिवाय पुरात वीज गेली की फ्रीजमधल्या लशीचाही भरवसा राहत नाही. पुढची तारीख पहिल्याच दिवशी फाइलवर लिहून घ्या आणि सुनेच्या किंवा मुलाच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

मला मधुमेह आहे, मिस्टरांना आमवात असून मेथोट्रेक्सेट चालू आहे आणि सासऱ्यांना रक्त पातळ करायची गोळी. कुणाला चालेल, कुणाला नाही?
— वाचक, रंकाळा परिसर

तिघांनाही चालेल. इतकंच नव्हे, तिघांपैकी तुम्हा दोघांना तिची जास्त गरज आहे.

साखर पूर्ण ताब्यात येईपर्यंत थांबायचं कारण नाही. ताप आला तर त्या दोन दिवसांत साखर थोडी वर-खाली होईल, ग्लुकोमीटरवर बघत राहा. जेवण जात नसेल तर इन्सुलिनचा डोस आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

मिस्टरांची लस जिवंत नसल्यानं मेथोट्रेक्सेटवर असतानाही घेता येते. गोळी बंद करायची किंवा एखादा आठवडा वगळायची असेल तर तो निर्णय संधिवाताच्या डॉक्टरांचा. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असलेल्यांना दुसरा डोस एक-दोन महिन्यांतच देता येतो. आमवातावरची टोफॅसिटिनिबसारखी गोळी सुरू करायचा बेत असेल तर लस आधी उरकून घ्यावी, कारण त्या गटातल्या औषधांवर नागीण जास्त उठते.

सासऱ्यांना बारीक सुईनं टोचायचं आणि कापसानं निदान दोन मिनिटं घट्ट दाबून धरायचं, चोळायचं नाही. त्यांची गोळी वॉरफरिन असेल तर आयएनआरचा, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्या तपासणीचा, अलीकडचा रिपोर्ट दाखवा.

अंगात ताप भरलेला असताना, किंवा नागीण चालू असताना, कुणीच घेऊ नये. फ्लूची लस त्याच दिवशी दुसऱ्या दंडात घेतली तर चालते. पण ऐंशीच्या पुढचं, काठीवर चालणारं माणूस असेल तर दोन्हींत पंधरा दिवसांचं अंतर ठेवणं आम्हाला बरं वाटतं. एकाच रात्री दोन्हींचा ताप चढला तर न्हाणीकडे जाताना पडायची भीती.

वडिलांना चार महिन्यांपूर्वी नागीण झाली. फोड गेले पण आग जात नाही, रात्री झोप नाही. आता लस दिली तर दुखणं थांबेल का?
— वाचक, इचलकरंजी

लशीनं हे दुखणं थांबणार नाही. पुरळ येऊन तीन महिने उलटले तरी दुखत राहतं तेव्हा तो वेगळा आजार धरतात. विषाणू पुन्हा शांत झालेला असतो, पण त्यानं जाळलेला तंतू खोटे निरोप पाठवत राहतो. नागीण झालेल्यांत दहांपैकी एक-दोघांना हे होतं आणि वय जितकं जास्त तितकं जास्त. लस घ्यायची ती मुख्यतः हे टाळायला.

यावर डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांचा उपयोग होत नाही. मूत्रपिंड आणि जठर मात्र बिघडतं. मज्जातंतूंच्या दुखण्याची औषधं वेगळी आहेत. गॅबापेंटिन रात्री १०० किंवा ३०० मिलिग्रॅमपासून, प्रिगॅबालिन, किंवा अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम रात्री. कुठलंही असो, थोडं थोडं वाढवत न्यावं लागतं आणि गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. दोन दिवस घेऊन 'गुण नाही' म्हणून डॉक्टर बदलणं ही इथली नेहमीची गोष्ट. सुरुवातीला गुंगी येते, म्हणून रात्री उठताना काठावर मिनिटभर बसून मग उभं राहायला सांगा. प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर अमिट्रिप्टिलिनच्या आधी डॉक्टरांना सांगा. औषध एकदम बंद करायचं नाही. जागा बधिर करणारी लिडोकेनची पट्टी मिळाली तर अखंड कातडीवर बारा तास लावायची, बारा तास काढून ठेवायची.

मिरचीतल्या कॅप्सायसिनचं मलमही असतं. तिखट झोंबून झोंबून तंतू थकतो, असं समजा. म्हणून कुणी लवंगी मिरची वाटून लावू नये. तशी कल्पना याच टपालात एकानं विचारली आहे. मलमातलं प्रमाण टक्क्यांत मोजलेलं असतं, पाट्यावरचं नाही.

लस वडिलांनाही पुढे घ्यायचीच, कारण नागीण पुन्हा उठू शकते. पुरळ पूर्ण बरं झालेलं असावं एवढीच अट. बरेच डॉक्टर काही महिने ते वर्षभर थांबतात, कारण नागीण होऊन गेल्यावर काही काळ शरीराचं स्वतःचं संरक्षण असतं. आग चालू आहे म्हणून लस नाकारायचं कारण नाही.

घरात वर्षाचा नातू आहे, सुनेला सातवा महिना. आजीची नागीण त्यांना लागेल का? आणि नातवाची कांजिण्यांची लस स्वस्त असते, तीच आजीला दिली तर?
— वाचक, लक्ष्मीपुरी

नागीण नागिणीसारखी लागत नाही. पण फोडातल्या पाण्यात जिवंत विषाणू असतो आणि ज्याला कांजिण्या झाल्या नाहीत, लसही घेतलेली नाही, त्याला त्यापासून कांजिण्या होऊ शकतात. फोडांवर सैल सुती कापड, आजीचा टॉवेल-पंचा वेगळा, सगळ्या फोडांना खपली धरेपर्यंत नातवाला मांडीवर नको. सुनेला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का ते माहेरी विचारा. नक्की नसेल आणि तिचा फोडांशी संपर्क आला असेल तर त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांना कळवा.

नातवाची लस आजीला नको. ती कमजोर केलेल्या जिवंत विषाणूची, लहान मुलांना कांजिण्यांपासून वाचवण्याइतक्या ताकदीची. नागीण अडवायला ती पुरत नाही आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला ती घातकही ठरू शकते. नावं सारखी वाटतात म्हणून मेडिकलच्या काउंटरवर 'कांजिण्या-नागिणीची द्या' असं मोघम मागू नका.

एका डोसाला दहा-अकरा हजार सांगितले. दोघांचे चार डोस. सीपीआर या सरकारी रुग्णालयात मोफत मिळते का? नाहीतर दोघांनी सध्या एकेक डोस घ्यावा म्हणतो.
— निवृत्तिवेतनधारक, उत्तरेश्वर पेठ

सरकारच्या मोफत लसीकरणात ही लस नाही. ते मुलं आणि गरोदर मातांसाठी आहे. त्यामुळे सीपीआर किंवा महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळेल अशा आशेनं हेलपाटा मारू नका. आरोग्यविमा बहुधा दाखल झाल्यावरच्या खर्चाचा असतो. बाह्यरुग्ण खर्च धरणारी पॉलिसी असेल तरच विचारून बघा. किंमत दुकानागणिक थोडी कमी-जास्त होते, दोन-तीन ठिकाणी फोन करा, पण स्वस्त म्हणून बिल नसलेली लस घेऊ नका.

एकेक डोस वाटून घेणं हा मात्र चुकीचा हिशेब. त्यात दोघंही अर्धवट राहतात. वीस-बावीस हजारच जमत असतील तर यंदा एकाचे दोन्ही डोस पूर्ण करा, पुढच्या वर्षी दुसऱ्याचे. आधी कुणाचा? ज्याला मधुमेह, आमवात, मूत्रपिंडाचा आजार किंवा कर्करोगाचे उपचार आहेत त्याचा. दोघंही धडधाकट असतील तर वयानं मोठ्याचा. आणि फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यानं अजून फ्लू आणि न्यूमोनियाची लस घेतली नसेल तर आमच्या मते पैसा आधी तिकडे जावा. नागिणीनं माणूस बेजार होतो, न्यूमोनियानं दगावतो.

लशीनं स्मृतिभ्रंश टळतो असं मुलगी म्हणते, असंही तुम्ही लिहिलंय. वेल्समधल्या मोठ्या अभ्यासात लस मिळालेल्यांत सात वर्षांत स्मृतिभ्रंशाचं निदान सुमारे पाचव्या हिश्शानं कमी दिसलं, हे २०२५ साली प्रसिद्ध झालं. पण ती लस जुनी, जिवंत विषाणूची होती. निव्वळ तेवढ्यासाठी बावीस हजार मोडू नका.

वडील ६९ वर्षांचे. कालपासून डाव्या कपाळावर फोड आहेत, आज नाकाच्या शेंड्यावर एक दिसतो. डोळा थोडा लाल. उद्या रविवार, सोमवारी दाखवलं तर चालेल का?
— वाचक, ई-मेल

या पत्राचं उत्तर छापण्याआधी फोनवरच दिलं, इथे इतरांसाठी. चालणार नाही. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याच्या आतल्या भागाला एकाच तंतूची फांदी जाते, म्हणून शेंड्यावर फोड म्हणजे डोळ्याला धोका. दिसायला नीट दिसत असलं तरी त्याच दिवशी, रात्र असली तरी, नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात जायचं आणि गोळ्या त्याच दिवशी सुरू करायच्या. घरातल्या जुन्या बाटलीतले थेंब डोळ्यात घालायचे नाहीत. त्यात स्टिरॉइड असलं तर पारदर्शक पटल आणखी बिघडतं. कानात फोड येऊन तोंड वाकडं झालं किंवा गरगरायला लागलं तरी हीच घाई, फक्त तज्ज्ञ कान-नाक-घशाचे. निघताना चालू औषधांच्या पट्ट्या आणि चष्मा पिशवीत टाका.